सहसवोग

अकरा वाजताची कोर्टाची तारीख होती, आणि सव्वाआठला माझ्या लॅपटॉपनं मला दारातच अडवलं.

काळा पडदा, त्यावर इंग्रजीत एक ओळ: डिस्कचा पासवर्ड द्या. मी दिला. चुकीचा आहे म्हणाला. मी म्हटलं, घाईत बोट घसरलं असेल. पुन्हा दिला. चुकीचा. तिसऱ्यांदा एकेक अक्षर मोजून दाबलं. तरी चुकीचाच, आणि वर 'आता पुरे झालं' अशा अर्थाचं काहीतरी लिहून यंत्र ठप्प झालं. "मेल्या," मी त्याला मोठ्यांदा म्हटलं, "सात वर्षं तुला सांभाळत्येय आणि आजच ओळख विसरलास?"

दुकानात कुणी नव्हतं, म्हणून बरं. एक सहा वर्षांची मुलगी आईकडे राहणार की बापाकडे, हे ज्याच्यावर ठरायचं होतं ते सगळं त्या डिस्कवर होतं. दुसरीकडे कुठेच नव्हतं. आणि दुसरीकडे कुठेच नव्हतं, याला कारण मी होते.

मी टायपिंग करते. रत्नागिरीत कोर्टाच्या मागच्या गल्लीत माझं एका खोलीचं दुकान आहे. प्रतिज्ञापत्रं, वारसाचे अर्ज, नावातल्या चुका, नवराबायकोची भांडणं, सगळं माझ्या बोटांखालून जातं. मराठी टायपिंग मी इन्स्क्रिप्टवर, म्हणजे सरकारी मराठी मांडणीवर करते, कीबोर्डकडे न बघता. समोरचा बोलत असतो, कधी रडत असतो, आणि माझी बोटं चालू असतात. डॉक्टरला सांगत नसतील असल्या गोष्टी लोक मला सांगतात, कारण मी वर मान करून बघत नाही.

लिनक्स माझ्याकडे आलं ते एका फोनमुळे. पूर्वी माझ्या कॉम्प्युटरवर दुसरी सिस्टीम होती आणि पुण्याच्या भाचीनं सुट्टीत येऊन तिला स्वतःचंच खातं जोडून दिलं होतं. मला त्यातलं काही ठाऊक नाही. एके दिवशी तिचा फोन. "मावशी, माझ्या फोनवर हे कुणाच्या घटस्फोटाचे कागद आलेत गं? काय काय सोसलंय बिचारीनं!" मी टाईप केलेला प्रत्येक कागद तिच्या फोनवर जाऊन बसत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती बाई आठवडी बाजारात दिसली तर मी रस्ता बदलायचे. तिला कधी कळलंच नाही, पण मला कळलं होतं ना.

पॉलिटेक्निकमधले एक सर माझ्याकडे अर्ज टाईप करून घ्यायचे, त्यांच्याजवळ मी रागारागानं हे बोलले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पेनड्राइव्ह आणून दिला आणि लिनक्स टाकून दिलं, डिस्कला पासवर्डचं कुलूप घालून. पहिले सहा महिने मी त्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. प्रिंटर रुसला. जुन्या फाँटमधले अर्ज उघडले की अक्षरांची भेळ. पण शिकले हळूहळू. प्रिंटरच्या मागे लागायचं कसं, जुना फाँट बदलून घ्यायचा कसा, नेटवरच्या फुकट साइटवर कागद न चढवता आपल्याच मशीनवर पीडीएफ जोडायची कशी. आणि एकदा शिकल्यावर माझं तोंड कुणी धरायचं? येईल त्याला मी उपदेश करू लागले. तुमचा फोन कुणाच्या नावावर आहे? पासवर्ड कुणाला माहीत आहे? फोटो कुठे जातात? लिनक्सचं चिन्ह पेंग्विन, म्हणून एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले आमचे हे म्हणायचे, "आमच्या घरात दोन देव. एक गणपती आणि एक पेंग्विन. पेंग्विनाचं सोवळं जास्त कडक."

अशातच ती आली. मंडणगडकडे दिलेली, माहेर इथलं, हातखंब्याच्या आतल्या बाजूचं. नवरा मुंबईत नोकरीला, सणावाराला गावी यायचा आणि आला की हात उचलायचा. शेवटच्या वेळी तिनं मुलीला उचललं आणि एसटीत बसून माहेरी आली. आता त्यानं मुलीचा ताबा मागितला होता. बायकोचं डोकं ठिकाणावर नाही, ती मुलीला उपाशी ठेवते, असं अर्जात लिहून. तिच्या वकिलांनी तिला माझ्याकडे पाठवलं, तिचं म्हणणं टाईप करून घ्यायला.

टाईप करताना मध्येच तिनं फोन काढला आणि माझ्यासमोर धरला. त्यात चार आवाज होते. तिनं चोरून टेप केलेले. त्याचा आवाज शांत होता, तेच भयंकर होतं. "मुलगी नेतो. माझ्या आईकडे टाकतो. तुला तोंड दिसू देणार नाही. कोर्टात तुला वेडी ठरवतो, बघ." शिवाय फोटो होते, दंडाचे, मानेचे. मी पहिल्यांदाच टायपिंग थांबवून वर बघितलं.

मग माझा नेहमीचा प्रश्न विचारला. "हा फोन कुणी घेऊन दिला?"

"त्यानंच. मेल पन त्याचाच हाय. मला नाय ना येत त्यातलं."

माझं डोकं सटकलं. त्याच्या मेलवर चालणारा फोन म्हणजे त्याच्याच खिशात असल्यासारखा. त्यानं आजवर बघितलं नसेल, उद्या बघेल. मी तिथल्या तिथे ते आवाज, ते फोटो केबलनं माझ्या लॅपटॉपवर घेतले आणि फोनवरून पुसायला लावले. ती बिचकली. "सगळं पुसू?" "पूस म्हणते ना!" मी म्हटलं. तिसऱ्या दिवशी ती धावत आली. फोनमधले सगळे फोटो गायब झाले होते, मुलीच्या वाढदिवसाचेसुद्धा. त्यानं मुंबईत बसून साफ केले होते. ती माझा हात धरून म्हणाली, "ताई, तुमी नसता तर!" खोटं कशाला बोलू, मला त्या दिवशी फार बरं वाटलं. रात्री जेवताना ह्यांना मी दोनदा सांगितलं.

तिचे वकीलसाहेब म्हणाले होते, "पेनड्राइव्हवर एक प्रत माझ्याकडे देऊन ठेवा." मी म्हटलं, उघड्या पेनड्राइव्हवर असली गोष्ट मी देणार नाही, तुमच्या ऑफिसात दहा माणसं येतात. तारखेच्या दिवशी सकाळी हातात देईन. बॅकअप? बॅकअपवर तर मी लोकांना व्याख्यानं देते. माझा स्वतःचा बॅकअप महिनाअखेरीला होतो, आणि महिना संपायला अजून दहा दिवस होते.

तारखेच्या आठ दिवस आधी दुकानात एक माणूस आला. नावातल्या फरकाचं प्रतिज्ञापत्र हवं म्हणाला. बसा म्हटलं तर बसेना, माझ्या खुर्चीच्या मागे येऊन उभा राहिला. मी निम्मं टाईप केलं असेल, तेवढ्यात त्यानं विचारलं, "आमची वहिनी येते ना तुमच्याकडे? काय काय लिहून घेतलंय तिनं?" तिचा दीर होता तो. सकाळी मी दुकान उघडलं, लॅपटॉप सुरू केला, पासवर्ड टाकला, तेव्हा हाच माणूस समोरच्या टपरीवर चहा पीत उभा होता हे मला आत्ता आठवलं. म्हणजे मी पासवर्ड टाकताना तो तिथून माझ्या हातांकडेच बघत होता की काय? "बाहेर व्हा," मी ओरडले. "आत्ताच्या आत्ता!" तो हसत गेला.

त्याचं अर्धवट प्रतिज्ञापत्र पडद्यावर तसंच होतं. मी तसंच ते बाजूला सारलं, डिस्कच्या सेटिंगचं पान उघडलं आणि पासवर्ड बदलून टाकला. जुना नुसत्या आकड्यांचा होता, तो बाजूच्या नंबरपॅडवर आधी टाकला. नवा चार शब्दांचा, आपले इथलेच शब्द, इंग्रजी अक्षरांत: करवंद, कुळीथ, वल्हं, पाटा. आता तो बदलला आहे म्हणून सांगते. दोनदा टाकायचा असतो, दोनदा टाकला. खिडकीत नुसते काळे ठिपके उमटले. जुळला, बदलला, संपलं. मी घोटभर पाणी प्यायले.

त्यानंतर आठ दिवस तो पासवर्ड मला एकदाही लागला नाही. मी लॅपटॉप बंद करतच नाही, झाकण मिटते आणि घरी नेते. झाकण मिटलं की तो झोपतो, उघडलं की उठतो, आणि डिस्कचा पासवर्ड फक्त पूर्ण बंद करून सुरू केल्यावरच विचारतो. दीर आला त्या सकाळी त्यानं विचारला, तो मी आदल्या संध्याकाळी लॅपटॉप प्रिंटरच्या कटकटीमुळे बंद केला होता म्हणून. तारखेच्या आदल्या दिवशी चार्जर लावायचा राहिला. बॅटरी संपली. सकाळी तो पूर्ण मेलेला होता, आणि उठल्यावर त्यानं मला कुलूप दाखवलं.

साडेआठपर्यंत मी सहा वेळा तो बंद करून चालू केला. कॅप्स लॉक बघितलं. कीबोर्ड उलटा करून झटकला. मग एक कोरा कागद घेतला. मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहायचा म्हणजे प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. करवंदात v की w? शेवटी a आहे की नाही? कुळीथात i की दोन e? वल्हं मी कसं लिहिलं असेल, h आधी की l आधी? आमच्या टायपिंगच्या धंद्यात यावरून रोज मारामाऱ्या होतात, एकाच माणसाच्या आधार कार्डावर एक, पॅनवर दुसरं, आणि प्रतिज्ञापत्राला माझ्याकडे. मी दरवेळी लोकांना झापते, स्वतःचं नाव एकसारखं लिहिता येत नाही? आता मी कागदावर करवंद सहा प्रकारांनी लिहून बसले होते. एकेक करून टाकत गेले. चुकीचा. चुकीचा. चुकीचा. प्रत्येक वेळी उत्तर द्यायला तो काही सेकंद घ्यायचा, आणि त्या सेकंदांत मी श्वास धरायचे.

घरी ह्यांना फोन केला. "कपाटात वरच्या खणात सरांनी दिलेला पेनड्राइव्ह आहे, पांढरा. तो घेऊन या. रिक्षानं या."

"काय झालं काय गो?"

"या म्हणते ना!"

त्या पेनड्राइव्हवरून लिनक्स थेट चालू करता येतं, आतल्या डिस्कला हात न लावता. त्याचा उपयोग काय होणार ते मलाही ठाऊक नव्हतं. कुलूप ते कुलूपच राहणार होतं. पण काहीतरी हातात हवं होतं.

नऊ वाजता ती आली. पहिल्या एसटीनं, मुलीला घेऊन. मुलीच्या दोन वेण्या घट्ट घातलेल्या, फ्रॉक नवा. ती स्टुलावर बसली आणि पाय हलवायला लागली. आईनं पिशवीतून डबा काढला. "ताई, घावने आनलेत तुमच्यासाठी."

मी तिला सांगायचं टाळणार होते. पाच मिनिटं टाळलं पण. मग तिनंच माझं तोंड बघून विचारलं, काय झालं?

"उघडत नाही," मी म्हटलं.

"काय उघडत नाय?"

"हे. पासवर्ड चुकतोय. तुझं सगळं आत आहे, कुठे गेलं नाही, पण उघडत नाही."

तिला पटकन कळलं नाही. आणि कळलं तेव्हा ती ओरडली नाही, रडली नाही. मग मुलीकडे बघितलं. हळूच म्हणाली, "फोनवर होतं ते. तुमी पुसायला लावलात."

तिच्या नवऱ्यानं ते पुसलंच असतं, हे खरं होतं. पण वकिलांना प्रत दिली असती तर आज ती असती, हेही खरं होतं. माझ्या हट्टापायी एका बाईची पोर जायची वेळ आली होती. लाज वाटली मला, आणि लाज वाटली की मला राग येतो. मी तिच्यावरच खेकसले, "बस जरा गप्प. मला विचार करू दे." मुलीचे पाय हलायचे थांबले.

साडेनऊला वकीलसाहेब स्वतःच दुकानात आले, पेनड्राइव्ह न्यायला. मी सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"मूळ फोनवरून पुसलंत?"

"हो."

"कुणी सांगितलं पुसायला?"

"मी."

"बाई, तुम्हाला टायपिंग करायला सांगितलं होतं हो!" ते एवढ्या मोठ्यांदा बोलले की समोरच्या टपरीवरचे लोक वळले. मग त्यांनीच आवाज खाली आणला. आज मुलीच्या ताब्याचा अंतरिम अर्ज सुनावणीला होता. समोरच्याकडे गावच्या दोन माणसांची प्रतिज्ञापत्रं होती, ही वेडसर आहे म्हणून. आपल्याकडे नुसता तिचा शब्द. तारीख वाढवून मागता येईल, पण जज्जसाहेब देतीलच असं नाही, आणि दिली नाही तर मुलीला आजच मुंबईला न्यायची परवानगी मिळू शकते. नवरा गाडी घेऊनच आला होता. कोर्टाच्या आवारात उभी होती ती गाडी, पांढरी, मागच्या सीटवर सासू बसलेली. मुलीची आई येताना ती बघून आली होती म्हणे, पण मला बोलली नव्हती.

"साडेदहापर्यंत बघतो," वकीलसाहेब म्हणाले. "नाहीतर मी आपला उभा राहतो आणि बोलतो." ते गेले. ती भिंतीला टेकून उभी राहिली. मुलीला जवळ ओढलं आणि तिची आधीच घट्ट असलेली वेणी सोडून पुन्हा घालायला घेतली.

पावणेदहाला आमचे हे आले. घामाघूम. पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला, आम्हा तिघींकडे बघितलं, आणि वातावरण हलकं करायला म्हणून, स्वभावच तो, म्हणाले, "घे बाई तुझा पेंग्विन. याच्यावर तरी नीट लिहिता येतं ना? त्या दिवशी तुझ्या मशीनवर गाडीची वेळ बघायला बसलो, इंग्रजीत मुंबई लिहिलं, तर सहसवोग आलं. मला वाटलं कुठलं तरी देवस्थान आहे."

"अहो, ही वेळ आहे का..." मी म्हणायला गेले आणि तोंड उघडंच राहिलं.

"काय आलं म्हणालात?"

"सहसवोग. स, ह, स, वो, ग. मी आपला तीनदा लिहिलं. तीनदा तेच."

"कुठल्या दिवशी?"

"तो मवाली दुकानात आला होता म्हणालीस ना, त्याच संध्याकाळी. तू स्वयंपाकघरात त्याला शिव्या घालत होतीस."

मी खुर्चीत बसले. माझ्या कीबोर्डवर दोन लिप्या आहेत. एक कळ दाबली की इंग्रजी, पुन्हा दाबली की मराठी. इन्स्क्रिप्टमध्ये m च्या जागी स बसतो, u च्या जागी ह, b च्या जागी व. मराठी चालू असताना इंग्रजी समजून मुंबई लिहिलं की सहसवोग उमटतं. त्या दिवशी दुपारी मी त्या दिराचं प्रतिज्ञापत्र मराठीत टाईप करत होते. ते अर्धवट सोडलं आणि तशीच, कळ न बदलता, पासवर्ड बदलला. जुना आकड्यांचा, नंबरपॅडचा, त्याला कुठलीही लिपी चालली. पडद्यावर नुसते ठिपके. ठिपक्यांना कुठली आली लिपी? माझ्या बोटांनी करवंद लिहिलं, आणि यंत्रानं घेतलं भलतंच, ईकार, ओकार, पाय मोडलेला ल, काय वाटेल ते. दोनदा तेच घेतलं, म्हणून जुळलं. आणि आता सुरू होताना जो काळा पडदा येतो त्याला फक्त इंग्रजी कळतं. मी शंभर वेळा बरोबर लिहिलं असतं तरी ते चुकीचंच होतं.

तीस वर्षं मराठी टायपिंग केलेल्या बाईशिवाय ही चूक दुसऱ्या कुणाला जमली नसती.

"काय सुचलं?" ह्यांनी विचारलं. मी पेनड्राइव्ह लावला, लॅपटॉप त्याच्यावरून सुरू केला. जुनं मशीन, जुना पेनड्राइव्ह. चक्र फिरतंय, फिरतंय. दहा वाजून पाच मिनिटं. ती माझ्या मागे येऊन उभी राहिली होती, तिचा श्वास मला मानेवर लागत होता, पण या वेळी मी बाहेर हो म्हटलं नाही.

पडदा आला. मी कीबोर्डात मराठी घालायला गेले तर यादीत मराठीच्या नावानं एकाहून जास्त मांडण्या. पहिली दिसली ती घेतली, कुलपाची खिडकी उघडली, टाकलं. चुकीचा. म्हणजे तेही नव्हतं तर!

"आधी लिहून बघ ना गो कुठेतरी," हे म्हणाले. "आम्ही गाडी रस्त्यावर काढायच्या आधी आवारात फिरवायचो."

मी कोरं पान उघडलं आणि mumbai लिहिलं. पडद्यावर जवळजवळ मुंबईच उमटली. मु आला, ब आला. आयुष्यात पहिल्यांदा मुंबई दिसून मला रडू फुटायचंच बाकी राहिलं. ही मांडणी चुकीची होती, उच्चाराप्रमाणे लिहिणारी, शिकाऊ लोकांची. ती काढली. दुसरी घातली. पुन्हा mumbai.

सहसवोग.

"हां! हेच ते देवस्थान!" हे ओरडले.

मी कुलपाची खिडकी उघडली. आता स्पेलिंग. कागदावर करवंदाचे सहा प्रकार समोर पडले होते. मी तो कागद उलटा केला आणि डोळे मिटले. तो दीर पाठीमागे उभा होता तसा आठवला, त्याच्या अंगाचा वास, माझा राग. बोटं आपोआप चालली. खिडकीत ठिपके आले. मी एंटर दाबलं.

सेकंद. दोन सेकंद. चुकीचा म्हणाला नाही. खिडकी मिटली आणि डाव्या बाजूला माझे फोल्डर एकाखाली एक उभे राहिले. तिच्या नावाचं सर्वांत वर होतं. मी ते उघडलं आणि एक आवाज चालू केला, खात्री म्हणून. "मुलगी नेतो," तो माणूस शांतपणे म्हणाला. आणि स्टुलावरची मुलगी खाली उतरून टेबलामागे लपली. मी झटकन बंद केला. तिचा विचार मी केलाच नव्हता.

एका कोऱ्या पेनड्राइव्हवर प्रत, दुसऱ्या पेनड्राइव्हवर दुसरी प्रत. असल्या पुराव्यासोबत कोर्टाला द्यावं लागणारं प्रमाणपत्र छापायचं तर या पेनड्राइव्हवरच्या लिनक्सला प्रिंटर ओळखेना, म्हणून फाईल घेऊन हे शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे धावले. दहा चाळीसला वकीलसाहेबांच्या हातात सगळं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, पण "बरं" म्हणाले.

मी कोर्टाच्या व्हरांड्यात थांबले. तिला आत बोलावलं तेव्हा मुलगी माझ्याजवळ होती. तिनं माझा पदर धरला नाही की काही नाही, नुसती दाराकडे बघत होती. आतलं मला ऐकू येत नव्हतं. जज्जसाहेबांनी आवाज स्वतःच्या दालनात ऐकले, असं नंतर कळलं. मूळ फोनवर हे आवाज का नाहीत यावरून समोरच्या वकिलानं बराच आरडाओरडा केला, आणि आमच्या वकीलसाहेबांना त्यावर घाम फुटला. तो प्रश्न अजून संपलेला नाही, पुढे त्रास देणारच आहे, आणि तो माझ्यामुळे देणार आहे. पण बाराच्या सुमाराला ती बाहेर आली आणि मुलीसमोर खाली बसली. पुढच्या आदेशापर्यंत मुलगी आईकडेच. पांढरी गाडी सासूला घेऊन तशीच परत गेली.

दुकानात आलो. घावने खाल्ले. ह्यांनी चार खाल्ले. माझी जीभ पुन्हा सैल सुटली होती. मी तिला सांगत होते, आता कशी पक्की व्यवस्था करते बघ. एक वेगळा पेनड्राइव्ह, त्याला वेगळं कुलूप, त्यात तुझं सगळं. नवा पासवर्ड मी ठेवते, माझ्याशिवाय कुणाला कळणार नाही, मी माझ्या कपाटात ठेवीन. या वेळी इंग्रजी की मराठी ते आधी बघून. काही काळजी करू नको.

ती मुलीचे हात पुसत होती. म्हणाली, "पासवर्ड मी ठेवू का, ताई?"

"तू?" मी हसले. अगदी सहज, मायेनं म्हटलं, "तुला काय कळणार त्यातलं?"

तिनं मुलीचा दुसरा हात पुसला. बोटं एकेक करून. मग म्हणाली, "तो पन असंच बोलायचा."

आवाज चढवून नाही. टोमणा नाही. दहावी पास झालेली बाई एक खरी गोष्ट सांगत होती, बास. हे उठून बाहेर गेले. मला वाटलं कुणीतरी माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं, निदान उलट चिडता आलं असतं. तिचा फोन नवऱ्याच्या ताब्यात होता, मग तिचं सगळं माझ्या ताब्यात आलं, आणि मी सात वर्षं याला लोकांची काळजी म्हणत होते.

मी लॅपटॉप तिच्या बाजूला फिरवला. पेनड्राइव्ह लावला, खिडकी उघडून दिली, कुठे लिहायचं ते बोटानं दाखवलं. तिनं खुर्ची पुढे ओढली. एका बोटानं अक्षर शोधायची, दाबायची, पुन्हा शोधायची. मला मदत करायची इतकी सवय की हात आपोआप पुढे गेला. तिनं मान वर केली.

"तिकडं बघा, ताई," ती म्हणाली.

मी खुर्ची वळवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले.